आप्पा कुणाला दिसले का? बी विंगवाल्यांनी लगेच बघा

दुपारी ३:३८
मीनल (बी-३०४): आप्पा कुणाकडे आलेत का? मी कपडे वाळत घालून गच्चीवरून खाली आले तर दार उघडं. वाटलं, खाली बाकावर बसले असतील. तिथे नाहीत, देवळात नाहीत, वाण्याकडेही नाहीत. मोबाईल घरीच आहे. हे नाशिकला गेलेत.

नलूमावशी (बी-१०१): अगं, मघापासून का नाही सांगितलंस? मी येते वर.

सेक्रेटरी काका (ए-१०२): मी गेटवर जातोय. सगळ्यांनी आपापल्या मजल्याचा जिना, गच्ची, पंपरूम, गाड्यांच्या मागची बाजू बघा. लिफ्टसुद्धा.

देशपांडे काका (ए-३०२): पोलिसात २४ तासांनंतरच तक्रार घेतात. तोवर आपणच शोधलं पाहिजे.

शिल्पाताई (ए-४०१): काका, असा काही नियम नाही. ही सिनेमातली समजूत आहे. मिसिंग लगेच नोंदवता येते, आणि विसराळूपणाचा आजार असलेल्या माणसाच्या बाबतीत पहिले काही तासच महत्त्वाचे. मीनल, तू फोटो, आधार आणि डॉक्टरांचा कागद घेऊन पोलीस ठाण्यात जा. ११२ ला मी आत्ता फोन लावते.

अनिकेत (सी-२०३): वहिनी, स्कूटर काढतोय. खाली या.

दुपारी ३:५५
सेक्रेटरी काका: दुपारच्या वॉचमनशी बोललो. पावणेदोनच्या सुमारास आप्पा गेटमधून गेले. पांढरा सदरा, करडी पँट, पायात चपला, हातात कापडी पिशवी. त्याने विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, "पाळीला उशीर होतोय." वॉचमन हसला म्हणे. त्याला वाटलं, थट्टा करतायत.

रोहन (बी-५०२): फोटो टाका. मी सगळ्या ग्रुपवर फिरवतो.

शिल्पाताई: थांब जरा. आधी मजकूर नीट करू. नुसता फोटो आणि "हरवले आहेत, कृपया शेअर करा" असं लिहिलं की तो फोटो चार वर्षं फिरत राहतो. तारीख, वेळ, कपडे, कुठून निघाले, आणि दोनच फोन नंबर, मीनलचा आणि सेक्रेटरींचा. पत्ता पूर्ण नको. आजाराचं नाव नको, "विसरभोळे आहेत, शांतपणे बोला" एवढं पुरे. आणि अंगावरची एक खूण मजकुरात घालायची नाही. ती घरच्यांपाशीच राहू द्या. कुणी फोन करून "सापडले" म्हणालं तर तीच विचारायची.

मीनल: आहे एक. ग्रुपवर नाही लिहीत.

दुपारी ४:१५
देशपांडे काका: *फॉरवर्ड केलेला संदेश* सावधान! आपल्या भागात ज्येष्ठांना आणि मुलांना पळवणारी टोळी फिरत आहे. साधूच्या वेशात असतात. किडनी काढतात.

अनिकेत: काका, हे आत्ताच्या आत्ता डिलीट करा.

देशपांडे काका: अरे, आलं म्हणून पुढे पाठवलं. सावध राहिलेलं काय वाईट?

अनिकेत: १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून पाच जणांना ठार मारलं लोकांनी. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. आज अख्खी कॉलनी आधीच भेदरलेली आहे, त्यात हे नको. उद्या कुणी अनोळखी माणूस आप्पांना हाताला धरून आणत असेल तर त्यालाच मार बसेल.

देशपांडे काका: डिलीट केलं. मी रिक्षा स्टँडवर जातो, सगळे ओळखतात मला तिथे.

सेक्रेटरी काका: हे उत्तम. कामं वाटून घेऊ. रोहन: शास्त्रीनगर रुग्णालय आणि आसपासची खाजगी हॉस्पिटलं. नाव सांगून विचारू नकोस, "अनोळखी वृद्ध दाखल झालेत का" असं विचार, कारण स्वतःचं नाव त्यांना सांगता येईलच असं नाही. सी विंगवाले: गणपती मंदिर ते बाजार. मी दुकानांचे कॅमेरे बघतो. आणि कृपा करून "ॐ", "हात जोडले", "देव पाठीशी आहे" हे थांबवा. महत्त्वाचा मेसेज वर सरकून जातो.

दुपारी ४:४०
मीनल: मिसिंग नोंदवली. हवालदार साहेब चांगले आहेत, बसायला दिलं, पाणी दिलं, लगेच वायरलेसवर वर्णन सांगितलं. विचारत होते, आधी असे कधी गेले होते का, कुठे जाऊ शकतात. मला काहीच सुचेना. म्हटलं, मंदिर, बाजार. रडायला येतंय.

नलूमावशी: मीनल, ऐक. ती "पाळी" डोक्यातून जात नाहीये माझ्या. ते नुसतं भटकायला गेलेले नाहीत. कामाला गेलेत.

रोहन: पण मावशी, रिटायर होऊन किती वर्षं झाली त्यांना.

नलूमावशी: शेवटची नोकरी नव्हे रे. त्याच्या आधीची. मुंबईत फिनिक्स कापड मिलमध्ये होते ते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. आधी बदली कामगार, म्हणजे कुणी गैरहजर असलं की त्याच्या जागी, मग कायम झाले. दुसरी पाळी असली की दुपारी जेवून निघायचे. आमचं माहेर आणि त्यांची खोली डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, समोरासमोर. भोंगा झाला की चाळीतल्या बायका घड्याळ न बघता कुकर उतरवायच्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर बसला, त्यात हेही. परत आत घेतलं नाही. मग डोंबिवलीला आले, कारखान्यात लागले, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्या नोकरीबद्दल कधी चकार शब्द काढत नाहीत, पण मिलचं काढलं की जॉबरचं म्हणजे मुकादमाचं नाव, साच्याचा नंबर, सगळं पाठ.

शिल्पाताई: मावशी, बरोबर बोलताय. या आजारात अलीकडचं आधी पुसतं, जुनं टिकून राहतं. म्हणून "कुठे असतील" यापेक्षा "त्यांना स्वतःला कुठे जायचं वाटत असेल" हे शोधायचं. मीनल, हवालदारांना आत्ता सांग: स्टेशन. धीमी लोकल. करी रोड, मिलकडे जायला उतरायचे ते.

दुपारी ५:१०
अनिकेत: स्टेशनवर आहे. हवालदारांनी रेल्वे पोलिसांना कळवलं, त्यांनी फुटेज काढलं. दोन वाजून गेल्यावर पुलावर दिसतात. पांढरा सदरा, पिशवी. सीएसएमटीकडे जाणाऱ्या धीम्या गाडीच्या फलाटावर उतरले. गर्दीत पुढचं दिसत नाही. दादर, कुर्ला आणि पुढच्या स्टेशनांना निरोप गेलाय. मी रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ लाही सांगून ठेवलं.

तन्वी (सी-४०४): मी लोअर परळलाच ऑफिसात आहे! आत्ता वाचलं, मीटिंगमध्ये होते. फिनिक्स म्हणजे मॉल झालाय तो, सेनापती बापट मार्गावर. इथून दहा मिनिटं चालत. निघाले. एका मैत्रिणीला बीडीडीकडे पाठवते.

नलूमावशी: बाळा, ते करी रोडला उतरून पुलावरून गेले असतील. पण तो पूल पाडून नवा केलाय, त्यांना ओळखू येणार नाही. चाळीच्या काही इमारतीसुद्धा पाडल्यात. पुलाखाली, कोपऱ्यावर, चहावाल्यांपाशी विचार. "आप्पा" म्हणून हाक मारू नकोस, आप्पा ते इथे डोंबिवलीत झाले. तिथे त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, चाळीतल्या पोरांचं गणित घ्यायचे म्हणून.

दुपारी ५:३०
मीनल: एक फोन आला. म्हणतो, आजोबा माझ्यापाशी आहेत, कल्याणला. रिक्षाचे आणि जेवणाचे दोन हजार आधी ऑनलाइन पाठवा, मग आणून सोडतो.

शिल्पाताई: खूण विचारलीस?

मीनल: विचारली. म्हणाला, "कपाळावर तीळ आहे." फोटोतच दिसतोय तो. म्हटलं, अजून काहीतरी सांगा, तर फोन कट.

सेक्रेटरी काका: तो नंबर हवालदारांना दे. पैसे कुणीही पाठवायचे नाहीत, अगदी शंभर रुपयेसुद्धा.

देशपांडे काका: नालायक लोक. रिक्षावाल्यांनी मात्र फोटो काचेवर लावले, बघा. एकाने पैसे न घेता मला स्टेशनपर्यंत फिरवलं.

संध्याकाळी ६:२०
तन्वी: मॉलच्या मुख्य दारांवर विचारलं, नाही म्हणाले. चाळीत मैत्रिणीला एक आजी भेटल्या, फोटो बघून "हे मास्तर की काय" म्हणाल्या, पण आज पाहिलं नाही म्हणे. मी मागच्या बाजूला जातेय, मालाच्या गाड्या जातात तिकडे.

नलूमावशी: हो हो. कामगार मुख्य दाराने कधी जायचे?

संध्याकाळी ६:४१
तन्वी: मावशी!! आहेत!! मागच्या गेटपाशी. सिक्युरिटीवाल्यांनी खुर्ची दिलीय. दोन तास बसलेत. ते म्हणतात, "आजोबा आत सोडा म्हणत होते, पास घरी विसरला म्हणत होते. आम्हाला वाटलं, कुणाला भेटायला आलेत, येईल घ्यायला." चहा-बिस्कीट दिलंय.

मीनल: तन्वी डाव्या हाताची करंगळी बघ

तन्वी: वरचं पेर नाही, वहिनी.

मीनल: तेच. साच्यात गेलं होतं.

शिल्पाताई: तन्वी, पाणी दे, बसवून ठेव. डायबेटिस आहे, नुसत्या गोड बिस्किटांवर ठेवू नकोस, काहीतरी पोटभरीचं दे. आणि "मिल बंद पडली, आता मॉल आहे" हे पटवायला जाऊ नकोस. वाद घातला की घाबरतात.

तन्वी: मी म्हटलं, मास्तर, आज पाळी रद्द झाली, घरी सोडते. तर म्हणाले, "रद्द झाली तर आधी सांगायला नको का?" आणि उठले. लोकलला गर्दी आहे, टॅक्सीने निघतोय. मैत्रीण सोबत आहे. लोकेशन ग्रुपवर टाकते.

नलूमावशी: मी भात टाकते. सगळ्यांनी आमच्याकडेच या, मीनल, तू स्वयंपाक करू नकोस.

रात्री ८:०५
सेक्रेटरी काका: आता उरलेलं काम. ज्याने ज्याने फोटो फिरवला त्याने त्याच ग्रुपवर "सापडले, सुखरूप आहेत, संदेश पुढे पाठवू नका" असं टाकावं, आणि मूळ फोटो काढावा. स्टेटसवरचाही. मीनल, उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागेल, नाहीतर नोंद उघडीच राहते. अनिकेत सोबत जाईल.

अनिकेत: हो. आणि वहिनी, गळ्यात किंवा मनगटात नंबर असलेलं काहीतरी करून घेऊ. २०२३ मध्ये वरळीचा एक मुलगा कुलाब्यात सापडला, गळ्यातल्या लॉकेटवरचा क्यूआर कोड पोलिसांनी स्कॅन केला आणि घर मिळालं. साधा कोरलेला नंबर असला तरी चालेल.

मीनल: घड्याळ घालतात रोज, त्याच्या मागे कोरून घेते. लॉकेट दिलं तर काढून ठेवतील. दाराला वरती कडी लावणार होते, पण कोंडल्यासारखं वाटलं तर आणखी बिथरतील, म्हणून नुसती घंटी लावते.

शिल्पाताई: घंटी बरोबर आहे. आणि दुपारी दीड ते तीन कुणीतरी सोबत हवं. त्यांची निघायची वेळ तीच आहे.

नलूमावशी: मंगळवार, गुरुवार माझ्याकडे पाठव. मिलबद्दल बोलायला मलाही कुणी नाही.

देशपांडे काका: सोमवार मी. पत्ते खेळतात का?

मीनल: रमी. पण हरले की चिडतात, काका.

रात्री ९:१२
रोहन: गाडी गेटवर आली. वॉचमनला सलाम ठोकून आत गेले, "उद्या पहिली पाळी आहे" म्हणाले.

सेक्रेटरी काका: म्हणजे उद्या सकाळी सहापासून गेटवर कोण बसतंय?

अनिकेत: मी सहा ते सात. पुढे सी विंगने ठरवा.