१२ वर्षं जुनी छोटी डिझेल एसयूव्ही, मिस्त्रीनं ७३,५०० सांगितलेत, आधी काय करू? मदत हवी आहे

मंडळी जरा सल्ला द्या. घरी २०१३ ची छोटी डिझेल एसयूव्ही आहे, १.५ चं टायमिंग बेल्टवालं इंजिन, १ लाख ४८ हजार किमी झालेत. २०१९ ला सेकंडहँड घेतली तवा ७१ हजार होते. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की अर्धे लोक "ती घेतलीच कामून" वर जातात अन प्रश्न राहतो बाजूला. गाडीनं आजवर रस्त्यात सोडलं नाही. पावसाळ्यात काळ्या रानात दोनदा रुतली ते सोडा, तिथं ट्रॅक्टर पण रुततो.

झालं असं की मागच्या आठवड्यात आईचे डोळे दाखवायला छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो, परत अंबाजोगाईला येताना बीड सोडल्यावर मांजरसुंब्याचा घाट चढायलो, एसी चालू, पाच माणसं, बाहेर ऊन मरणाचं, अन टेंपरेचरचा काटा निम्म्यावरून वर सरकायला लागला. एसी बंद करून हीटर फुल सोडला, कुणीतरी कधीतरी सांगितलेलं डोक्यात होतं. आई म्हणली डोळ्याचं राहू दे, मला आधी उकडून काढ. पण काटा खाली आला, घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं नेली. त्यानं वहीच्या पानावर हिशोब मांडून दिला: रेडिएटर अन पाईप ९,५००, क्लच सेट १६,५००, पुढचे शॉकर अन लोअर आर्म मिळून १७,०००, एसीचा कंडेन्सर बदलून गॅस ८,०००, टायमिंग बेल्ट किट वॉटर पंपासकट १३,५००, मजुरी वेगळी ९,०००. एकूण ७३,५००. वर म्हणायलाय सगळं एकदाच करून घ्या, परत परत खोलायला नको.

गाडीला गिऱ्हाईक आहे, २ लाख ४० हजार म्हणतो, वरून "२०२८ ला १५ वर्षं भरतेत, पासिंग करावं लागंल" असं ऐकवून अजून पाडायला बघायलाय. क्लच जड झालाय हे खरं, पुढून डाव्या बाजूला खडखड येते हे पण खरं. बेल्टचं मला काही वाटंना, आवाज नाही, त्रास नाही, म्हणून तो शेवटी ठेवायचा विचार आहे. आत्ता हातात ३०-३५ हजार आहेत, बाकी सोयाबीन निघाल्यावर. कशाला आधी हात घालू? का विकूनच टाकू? काय करावं कळना गेलंय.

पाना_१२_१३:
दादा उलटं करायलात. बेल्ट सगळ्यात आधी. आवाज नाही म्हणताय, बेल्ट आवाज करून तुटत नसतो. तुटला की व्हॉल्वची वेळ चुकती, पिस्टन अन व्हॉल्व एकमेकाला धडकतेत, इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवावं लागतं, मग ७३ हजारात पण भागणार नाही. आधीच्या मालकानं बदलल्याचं बिल आहे का? नसंल तर बदललेला नाही असंच धरायचं. किमी अन वर्षं दोन्ही बघायची असतेत, रबर उभ्या गाडीत पण मरतं. किटमधे टेन्शनर अन आयडलर (बेल्ट ताणून अन वळवून धरणाऱ्या पुल्या) येतेत का ते विचारा, नुसता बेल्ट टाकू देऊ नका.

क्लचचं घरी बघा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमधे ५० ला एकदम एक्सलेटर दाबा. आरपीएम पळाला अन स्पीड तिथंच, तर प्लेट घसरायलीय. दोन्ही सोबत चढले तर नुसता जड आहे, दिवाळीपर्यंत थांबतो. खडखडीला आधी लिंक रॉड (पुढच्या सस्पेन्शनचा छोटा दांडा) बघायला लावा, जोडी दोन-अडीच हजारात होती. लोअर आर्मचा बुश (रबरी जोड) टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून हलवून तुमच्यासमोर दाखवला तरच पैसे द्या.

सरकी:
रेडिएटर नवीन टाकायच्या आधी पुढचा बंपर खोलून कंडेन्सर अन रेडिएटरच्या मधात टॉर्च मारा. आपल्याकडं कापसाच्या टेंपोमागं गाडी चालवली की सगळा कापूस तिथंच जाऊन बसतो. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायचं, पुढून मारलं तर अजून आत दाबतो. प्रेशर जास्त नको, जाळी वाकते. पंखा दोन्ही स्पीडला फिरतो का ते पण बघा. अन ऑइलचं झाकण उघडून बघा, आत ताकासारखं पांढरं चिकट असंल तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं असू शकतं, मग गोष्ट वेगळी.

एक विचारू, पाणी कोणतं टाकता?

धागाकर्ता:
बोअरचं. 😅 किटली भरून टाकतो.

सरकी:
झालं मग. बोअरच्या पाण्यानं आतून क्षार धरला असणार, हंड्याला धरतो तसा. फ्लश करून डिस्टिल्ड अन कूलंट निम्मं निम्मं भरा. अन गरम इंजिनवर झाकण उघडू नका, माझ्या हातावर अजून खूण आहे.

बैलगाडी_बरी:
विका अन मोकळे व्हा.

पाना_१२_१३:
विकून २ लाख ४० मधे तिच्याइतकी उंच डिझेल गाडी कोणती येती तेवढं सांगा. येईल ती पण दुसऱ्यानं वैतागून विकलेलीच असणार.

धागाकर्ता:
रविवारी बंपर खोलला. खरंच कापूस निघाला हो, धूळ बसून बसून गोधडीच्या थरासारखा झालता, बोटानं सोलून काढला, पोरगं म्हणलं उशी होईल. फ्लश केला तर पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं. काल एसी लावून परळीला जाऊन आलो, काटा निम्म्याच्या वर गेला नाही. आता घाटात एकदा बघतो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरं नाही. क्लच घसरत नाही. रेडिएटर बदलायचं मिस्त्रीला नको म्हणलं तर जरा तोंड वाकडं केलं त्यानं.

बिलं शोधली, बेल्टचं कुठंच नाही. म्हणजे ७१ हजाराला बदलला नसंल तर १ लाख ४८ हजार एकाच बेल्टवर, वाचून पोटात गोळा आला, गाडी उभी केलीय. लातूरला किंवा बीडला पूर्ण किट ओरिजिनल कुठं मिळंल अन डुप्लिकेट ओळखायचं कसं, तेवढं सांगा. गिऱ्हाईकाचा फोन उचलत नाहीये सध्या.