40 मुलांसाठी ‘कुंडीतली माती’: ओव्हनशिवाय चॉकलेटचे थर कसे लावायचे?

शेवंती
बालदिनाला सोसायटीतल्या 40 मुलांसाठी अमेरिकेत ‘डर्ट पुडिंग’ म्हणतात तो प्रकार करायचा आहे. चॉकलेट बिस्किटांचा चुरा म्हणजे माती, खाली पुडिंग, वर गांडुळं. ओव्हन नाही आणि घरगुती दोनच फ्रीज आहेत. अंडं आणि जिलेटिन चालणार नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत:
1. पुडिंग दुसऱ्या दिवशी पातळ का होतं?
2. माती ओली होऊन लगदा होऊ नये म्हणून काय करायचं?
3. शाकाहारी गांडुळं कुठून आणायची?
पुडिंग, क्रीम, बिस्किटं सगळ्याचं माप मिळालं तर फार बरं होईल.

दालचिनी
आधी माप. एका मुलाला बिस्किटाचा चुरा 25 ग्रॅम, पुडिंग 70 मिली आणि पांढरा थर 35 मिली धरा. भांडं 180 ते 200 मिलीचं हवं, नाहीतर वरची माती सांडते.

पुडिंग: दूध अडीच लिटर, कॉर्नफ्लोर 150 ग्रॅम, कोको 100 ग्रॅम, साखर 300 ग्रॅम, डार्क चॉकलेट 300 ग्रॅम, लोणी 50 ग्रॅम, दोन चिमटी मीठ.

कॉर्नफ्लोर, कोको आणि साखर कोरडंच एकत्र चाळा. साखरेचे दाणे मध्ये आले की पिठाच्या गुठळ्या होत नाहीत. मग त्यात अर्धा लिटर गार दूध घालून सारखं करा. उरलेलं दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळीला आणा, हे मिश्रण बारीक धारेनं सोडा आणि सपाट उलथन्यानं तळापासून ढवळत राहा. पातेल्यात भक् भक् बुडबुडे फुटू लागले की तिथून आणखी दोन मिनिटं शिजवायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. दाट दिसलं की गॅस बंद करतात, स्टार्च अर्धाकच्चा राहतो, पिठूळ चव येते आणि फ्रीजमध्ये पाणी सुटतं. गॅस बंद केल्यावर चॉकलेट आणि लोणी घालून विरघळवा.

पातळ होण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक, गार होऊन बसलेलं पुडिंग जोरात घोटणं. स्टार्चची बसलेली जाळी एकदा मोडली की पुन्हा तशी बसत नाही. दुसरं, चाखलेला चमचा परत पातेल्यात बुडवणं. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं, आणि रात्रभरात पुडिंगचं सरबत होऊ शकतं. चव बघायला दर वेळी नवा चमचा घ्या. हे मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नका. परातीत तीनेक सेंटिमीटरचा थर पसरा, खाली पाण्याची दुसरी परात ठेवा. क्लिंग फिल्म पुडिंगला चिकटूनच लावा, नाहीतर साय धरते. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे.

कोकमकळी
गांडुळं घरीच करा. बाजारातल्या बहुतेक गमी जिलेटिनच्या असतात. पाकिटावर हिरवा ठिपका आणि घटकांत पेक्टिन दिसलं तरच घ्या.

घरच्यासाठी चायना ग्रासची पूड (अगर) 6 ग्रॅम, पाणी 350 मिली, साखर 80 ग्रॅम. पूड गार पाण्यात पाच मिनिटं भिजवा, मग ढवळत तीन मिनिटं खळखळ उकळा. दाणा दिसेनासा व्हायला हवा. गॅस बंद करून मगच 150 मिली घट्ट कोकम सरबत (सिरप) घाला. आंबट पदार्थ अगरबरोबर उकळला तर जेली कमकुवत होते.

हे दोन मोठ्या ताटांत ओता, थर तीन-चार मिलिमीटरचा. अगर खोलीच्या तापमानालाच बसतं आणि नोव्हेंबरच्या दुपारच्या उन्हातही वितळत नाही. जिलेटिनपेक्षा इथे हे जास्त सोयीचं. आता करंज्यांचं कातणं घ्या आणि बोटभर लांब, सेंटिमीटरभर रुंद पट्ट्या कापा. कातण्यामुळे कडेला नागमोडी वळ्या येतात, आणि लालसर-जांभळी पट्टी मातीतून अर्धी डोकावली की थेट गांडूळ दिसतं. दोन ताटांतून शंभरेक पट्ट्या निघतात. अगर ठिसूळ असतं, म्हणून पट्टी उचलताना खालून पातळ उलथनं सरकवा. चिमटीत धरली तर तुटते.

कोकमाचा आंबटपणा कोकोशी छान जमतो, गोडावर गोड होत नाही.

पाटावरवंटा
भांड्यांचं ठरवलंय का? प्लास्टिकचे पारदर्शक ग्लास आणू नका. एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले, ग्लास, चमचे आणि स्ट्रॉ यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. कागदी पेले चालतील, पण या पदार्थाला शोभतात ते मातीचे कुल्हड. नर्सरीतल्या कुंड्या मात्र अजिबात नकोत. त्या खाण्याच्या भांड्यांसारख्या केलेल्या नसतात आणि बुडाला भोक असतं.

कुल्हड पाणी पितो, कडेचं पुडिंग सुकून चामड्यासारखं होतं. म्हणून आधी तासभर भिजवून, घासून, दिवसभर उन्हात वाळवा. मग वितळलेल्या डार्क कंपाउंडचा (कोको बटरऐवजी वनस्पती फॅट घातलेलं चॉकलेट) हात आतून ब्रशनं फिरवा, कुल्हडाला आठ ग्रॅम म्हणजे एकूण 320 ग्रॅम. पाणी शोषलं जात नाही. कुल्हड पूर्ण कोरडा हवा. ब्रशला पाण्याचा थेंब जरी असला तरी वितळलेलं चॉकलेट घट्ट गोळा होऊन बसतं.

दालचिनी
कंपाउंडचा लेप उत्तम. पांढऱ्या थराचं राहिलं होतं. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम 400 मिली आणि डेअरीतला तयार चक्का 300 ग्रॅम. क्रीम आदल्या रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये आणा. भांडं बर्फावर ठेवून फेटा. टोकं उभी राहून किंचित वाकली की थांबा. त्यापुढे फेटलं तर स्पंजासारखी भोकं पडतात. 25 टक्के फॅटचं साधं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी फुलत नाही, तिथे वेळ घालवू नका.

चक्का चाळणीतून घासून घ्या आणि क्रीममध्ये हलक्या हातानं मिसळा. साखर घालायची नाही. साखर लागली की चक्का पाणी सोडतो, आणि क्रीम आधीच गोड असतं.

उंबरठा
चक्क्याबद्दल थोडं वेगळं मत. सकाळी थर लावून संध्याकाळी वाढणार असाल तर चक्का टाळा, कितीही घट्ट असला तरी खालच्या थराला ओल देतो. कार्यक्रमाच्या जागी थर लावणार असाल तर जरूर घाला, त्या आंबटसर चवीला पर्याय नाही.

शेवंती
थर जागेवरच लावू. 40 कुल्हड फ्रीजमध्ये मावणारही नाहीत. मग माती किती आधी करायची?

उंबरठा
चुरा दोन दिवस आधी करून हवाबंद डब्यात ठेवा. 600 ग्रॅम क्रीमची चॉकलेट बिस्किटं क्रीमसकट आणि 400 ग्रॅम साधी चॉकलेट बिस्किटं, मिक्सर थांबत थांबत फिरवा. नुसती क्रीमवाली घेतली तर मातीचे लाडू वळतात. थोडे जाडसर दाणे राहू द्या, खरी माती एकसारखी नसते.

याचे दोन वाटे करा. अर्ध्यात 80 ग्रॅम वितळलेलं लोणी चोळा. हा तळाचा थर, लोण्यामुळे ओल उशिरा शिरते. उरलेला कोरडा चुरा वरचा, आणि तो वाढायच्या दहा मिनिटं आधीच पडला पाहिजे. लगदा होतो तो वरचा थर घाईनं आधी घातल्यामुळे.

जागेवर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांवर पुडिंगचे डबे ठेवा. पुडिंग आणि क्रीम वेगवेगळ्या पायपिंग बॅगेत भरा, टोक बोटभर रुंद कापा. चमच्यानं घातलं की कडा बरबटतात. एकानं तळ दाबायचा, दुसऱ्यानं पुडिंग, तिसऱ्यानं क्रीम, म्हणजे चाळीस कुल्हड अर्ध्या तासात होतात. मग माती, दोन गांडुळं, आणि शेवटी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडा केलेला पुदिन्याचा शेंडा रोप म्हणून खोचा. देठ दोन इंच ठेवा, आखूड असेल तर रोप आडवं पडतं.

बाहेर काढल्यापासून दोन तासांत संपवा, दूध आहे. गहू आणि दुधाची ॲलर्जी असलेलं कुणी आहे का ते पालकांना आदल्या दिवशीच विचारा, आणि त्या मुलासाठी कोकमाची जेली वेगळ्या वाटीत काढून ठेवा.