मानेत पुन्हा ७ मिमीची गाठ: लगेच ऑपरेशन की थांबायचं?

कोयनाकाठ: ताईचं २०१८ साली पॅपिलरी थायरॉइड कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पूर्ण ग्रंथी काढली, मग रेडिओआयोडीनचा (किरणोत्सर्गी आयोडीनचा) एक डोस. ती शाळेत शिकवते, दिवसभर आवाजावरच काम. आता थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी उरल्यात का हे सांगणारं रक्तातलं प्रथिन) ०.३ वरून १.१ वर गेलंय आणि सोनोग्राफीत श्वासनलिकेच्या उजवीकडे ७ मिमीची संशयास्पद गाठ दिसतेय. सर्जन म्हणतात काढू या, एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) म्हणतात सहा महिन्यांनी बघू. घरात दोन तट पडलेत.

माझं मत थांबावं असं आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत, सुईच्या तपासणीत कॅन्सर नक्की झालेली मानेच्या मधल्या भागातली गाठ सर्वांत लहान मापात किमान ८ मिमी, बाजूची १० मिमी असेल तर पुन्हा ऑपरेशन सुचवलंय. ताईची गाठ त्याच्या आत आहे. शिवाय एकदा ऑपरेशन झालेल्या जागी सगळं व्रणानं चिकटलेलं असतं आणि स्वरयंत्राची नस नेमकी तिथूनच, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या खाचेतून वर जाते.

रानजाई: मी पूर्ण विरोधात आहे. आमच्या बाबांनाही "बघू" सांगितलं होतं. पहिली तपासणी वेळेवर झाली. दुसरी सुगीत राहिली, तिसरी माझ्या बाळंतपणात. दोन वर्षांनी गेलो तेव्हा गाठ नसेला चिकटली होती, आवाज बसलेलाच होता. नंतरच्या ऑपरेशननं गाठ गेली, आवाज नाही आला. आजही फोनवर त्यांना "जरा मोठ्यानं बोला" म्हणावं लागतं. थांबणं हा उपचार कागदावर उत्तम. पण दर खेपेला वेगळं सेंटर, वेगळा डॉक्टर, वेगळी मशीन असेल तर ७ ची ९ झाली हे कळणार कुणाला?

जुना_सोबती: जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये १९९३ पासून छोटे थायरॉइड कॅन्सर न कापता नुसते नजरेखाली ठेवतात. बहुतेकांना वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एवढी भीती कशाला?

रानजाई: ते रुग्ण वेगळे, दादा. ते ग्रंथीतच असलेले, १ सेंमीपर्यंतचे, पहिल्यांदाच सापडलेले कॅन्सर. उलटून आलेल्या गाठीला तो हिशोब लावू नका.

निशिगंध: माझं दुसरं ऑपरेशन ६ मिमीच्या गाठीसाठी झालं. तेव्हा मीच मागे लागले होते, "काढून टाका, मला झोप लागत नाही." दुसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या, मग हाताची बोटं आपोआप आखडून चोचीसारखी जुळली. पॅराथायरॉइड (थायरॉइडमागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) दुखावल्यामुळे कॅल्शियम उतरलं होतं. चार वर्षं झाली, पर्समध्ये गोळ्यांची डबी कायम असते. एक वेळ चुकली की पोळ्या लाटताना बोटं सांगतात. आणि थायरोग्लोब्युलिन? खाली आलं, पण शून्य झालंच नाही. रानजाईताई, तुमच्या बाबांचं वाचून जीव हळहळला. पण तिथे थांबणं चुकलं की तपासण्या चुकल्या?

रानजाई: तपासण्याच चुकल्या, मान्य. पण माणसांच्या तपासण्या चुकतातच, म्हणून तर बोलतेय. रिपोर्टमध्ये टॉल सेल हा जास्त आक्रमक प्रकार असेल, गाठ श्वासनलिकेला टेकली असेल किंवा दोन सोनोग्राफींत वाढलेली दिसली, तर मिमी मोजत बसू नका.

कोयनाकाठ: हे पटलं. जुना रिपोर्ट काढला, टॉल सेल नाही. मत अजून थांबण्याचंच आहे, पण "बघू" एवढ्यावर नाही. रक्त दर वेळी त्याच लॅबमध्ये द्यायचं, कारण लॅब बदलली की थायरोग्लोब्युलिनचा आकडा बदलू शकतो. सोबत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) आणि थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटीबॉडीही, कारण अँटीबॉडी असतील तर तो आकडा खोटा कमी दिसतो. सोनोग्राफी एकाच रेडिओलॉजिस्टकडे, जुन्या फोटोंशी ताडून. आणि दुर्बिणीनं स्वरतंतूंची तपासणी याच आठवड्यात, म्हणजे आज नस कशी चालते याची नोंद राहील. ऑपरेशन ठरलंच तर मानेची दुसरी ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन शोधू. ताईनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखेला लाल गोल केलाय.

रानजाई: एका गोलावर विसंबू नका. ती तारीख तुमच्याही फोनमध्ये टाका, आणि आठवडाभर आधी फोन करून रेडिओलॉजिस्ट रजेवर नाहीत ना, ते विचारा. आमची दुसरी खेप पुढे ढकलली गेली ती तिथूनच.