लोहवाल्या बाजरीच्या सर्व्हेत नवऱ्याच्या मारहाणीचे प्रश्न घालू का?

बाजरीची_पोर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

मी प्लँट ब्रीडिंगमधे पीएचडी करतेय, पीक बाजरी, काम दाण्यातल्या लोहावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, धनशक्ती नावाचं वाण २०१२ मधे महाराष्ट्रात आलं, इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मिळून काढलेलं, आपल्याकडच्या आयसीटीपी ८२०३ या जुन्या वाणामधूनच निवड करत करत, किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं, म्हणून हा सगळा खटाटोप, की गोळी नाही घेतली तरी रोजच्या भाकरीतून लोह पोटात जावं.

गेल्या खरिपात नगर जिल्ह्यातल्या ६० घरांत बियाणं दिलं होतं, मळणी झाल्यावर घरात कोण किती खातं ते बघायला वजनकाटा घेऊन गेले. एका घरी ताईंनी माझ्यासमोर अकरा भाकऱ्या थापल्या, मी एकेक काट्यावर ठेवून लिहून घेत होते, सासरे, नवरा, दीर, पोरं सगळे जेवून उठले आणि टोपल्यात उरली एक, त्यातली अर्धी सासूबाईंनी घेतली. ताई उरलेली अर्धी चटणीशी खात होत्या. मी विचारलं एवढंच का हो, तर म्हणाल्या, "बाजरीला काय तोटा, कणगी भरलीय, पण सकाळची भाकर जरा करपली व्हती नं." एवढं बोलून पदर दंडावर ओढून घेतला, पण त्याआधी मला दिसलं होतं, दंड काळानिळा होता.

त्या दिवसापासून डोक्यातून जात नाहीये. माझी मावसबहीण समाजकार्यात संशोधन करते, तिने सांगितलं की २००८ मधे याच सर्वेक्षणाच्या आधीच्या फेरीचा, १९९८-९९ चा डेटा वापरून एक अभ्यास झालाय, त्यात ज्या बायकांनी वारंवार मारहाण होते असं सांगितलं त्यांच्यात अ‍ॅनिमिया आणि कमी वजन जास्त दिसलं. मग मला वाटलं आपल्या फॉर्मच्या शेवटी तीन प्रश्न टाकावेत, नवरा मारतो का, किती वेळा, जेवण तोडतो का. गाईड म्हणतात असल्या भानगडीत पडू नकोस, आपलं काम दाणा. पण दाण्यातलं लोह रक्तात जाईपर्यंत मधे ते घर आहे की नाही? ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

दारोदार_ताई

अगं पोरी, तुझी तळमळ कळतेय पण ते तीन प्रश्न टाकू नकोस, हात जोडून सांगते. अकरा वर्षं आरोग्याच्या सर्व्हेत मुलाखती घेतल्यात, त्यावरून बोलतेय.

पहिली गोष्ट, "नवरा मारतो का" असं विचारलं की दहातल्या आठ जणी नाही म्हणतात, कारण एखादी थापड म्हणजे त्यांच्या लेखी मारणं नसतंच. म्हणून प्रश्न कृतीचा असतो, ढकललं का, थापड मारली का, केस ओढले का, हात पिरगाळला का, लाथ घातली का, एकेक वेगळा, आणि प्रत्येकाला पुढे मागच्या १२ महिन्यांत किती वेळा. ही पद्धत मरे स्ट्रॉस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ मधे मांडली, आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही तिचंच बदललेलं रूप आहे. तीन प्रश्नांत ते मावत नाही.

दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे तिचा जीव. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मधे यासाठी नियमच काढलेत. एका घरात एकाच बाईला विचारायचं, त्याच घरातल्या पुरुषांना या विषयावर विचारायचंच नाही, सर्व्हेचं नाव साधं ठेवायचं, बायकांचं आरोग्य वगैरे, गावात खरा विषय कुणाला कळता कामा नये, आणि दोन वर्षांपुढचं पोर सुद्धा जवळ नको कारण ते संध्याकाळी बापाला जाऊन सांगतं. कुणी आलं की लगेच विषय बदलायचा. आमच्याकडे त्यासाठी लसीकरणाचे प्रश्न तयार असायचे. एकदा एक बाई नुकती बोलायला लागली होती आणि सासू सूप घेऊन उंबऱ्यात तूर पाखडायला येऊन बसली, मी त्याच आवाजात विचारलं, "मग गोवरची लस कधी दिली?" आणि त्या बाईने न अडखळता तारीख सांगितली. तिला माझ्यापेक्षा जास्त सवय होती विषय बदलायची. राष्ट्रीय सर्वेक्षणात तर एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्यायचा असा नियमच आहे.

आणि तू विचारणार, ती रडणार, मग पुढे काय? २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती, ७७ टक्के कुणाला बोलल्याच नव्हत्या. म्हणजे कदाचित तूच पहिली. हातात काही नसताना तिचं तोंड उघडायला लावायचं नाही.

कणीस_कणगी

ताईंशी सहमत. मीही बाजरीतलाच, वीस वर्षं हेच करतोय, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. दाण्यातलं लोह मोजताना आपण काय काय सांभाळतो आठव. मळणी खळ्यावर केली की मातीतलं लोह दाण्याला चिकटतं आणि आकडा फुगतो, म्हणून कणीस स्वच्छ कापडी पिशवीत घेतो, नमुना धातूच्या भांड्यात मळत नाही, एक्सआरएफ मशीनला (क्ष-किरणांनी दाण्यातलं लोह मोजणारं) घालायच्या आधी पुसून घेतो, आणि शंका आली तर अ‍ॅल्युमिनियम बघतो कारण ते मातीत भरपूर, दाण्यात जवळपास नाही. बाजरी परपरागी पीक, फुलोरा यायच्या आधी कणसावर बटर पेपरची पिशवी नाही चढवली तर शेजारच्या प्लॉटचं परागकण येऊन तुझी ओळ बिघडवतं. दारात उभा नवरा म्हणजे तसंच, त्याच्यासमोर मिळालेलं "नाही" हे डेटा नाहीच. आपण कणसासाठी एवढं करतो तर बाईच्या उत्तरासाठी तीन प्रश्न शेवटी चिकटवून कसं चालेल.

दुसरं, ६० घरांत मारहाण आणि अ‍ॅनिमियाचा संबंध निघणार नाही, आकडा लहान आहे, उलट एवढ्या छोट्या गावांत तक्त्यावरूनच घर ओळखू येईल. शिवाय गोष्ट उलटीही असू शकते, रक्त नाही म्हणून थकते, थकते म्हणून काम मागे राहतं, म्हणून मार. एकदाच गेलेल्या सर्व्हेत कोण आधी कोण नंतर कळत नाही.

पण गाईडचं "आपलं काम दाणा" हेही मला पटत नाही. आपली सगळी आशा कशावर आहे, तर महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी दिली, अभ्यास २०१५ मधे छापून आला, चार महिन्यांत शरीरातला लोहाचा साठा सुधारला. पण तिथे भाकरी मोजून प्रत्येकाच्या ताटात पडत होती. घरात ताट कोण वाढतं, कोणाच्या धाकाने वाढतं, हे त्या प्रयोगात नव्हतंच. तुझ्याकडे अकरा भाकऱ्यांचं वजन आणि कोणाच्या पोटात किती गेली याची नोंद आहे, ते प्रत्येक घराचं नीट कर, बाईच्या वाट्याला घरातल्या लोहापैकी किती आलं हा आकडा काढ. आमच्यापैकी कुणी तो काढत नाही, आम्ही सरासरी धरून गणित मांडतो. मी सुद्धा वर्षानुवर्षं तेच केलं आणि आज तुझं वाचून वाईट वाटतंय.

दारोदार_ताई

दादा, भाकरीचा आकडा काढाच, पण तो मारहाणीचा आकडा धरू नका हं. बाईने सगळ्यांच्या नंतर जेवण्याची रीत कितीतरी चांगल्या घरांतही आहे, आणि जिथे बाई सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवते तिथेही मार असतो. दोन्ही वेगळं मोजावं लागतं.

सातबारा_तिच्या_नावे

विषयाला धरूनच एक जोडते. बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा या संशोधकांनी केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, ५०० वर बायकांचा अभ्यास केला होता, २००५ मधे आला. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांच्यातल्या ४९ टक्क्यांना शारीरिक मारहाण झालेली, जमीन असलेल्यांत १८, घर असलेल्यांत १०, दोन्ही असलेल्यांत ७. कारण साधं, जायला जागा आहे हे तिलाही माहीत असतं आणि त्यालाही. आपल्याकडे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेमधे बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं होतं, माझ्या आजीच्या नावावर तेव्हा दीड एकर झाली. तुझ्या फॉर्ममधे सातबारा कोणाच्या नावावर हा प्रश्न आहे का? तो सगळ्यांसमोर विचारता येतो, त्याने कुणाला मार बसत नाही.

आणि बियाणाचंही बघ, संकरित असेल तर दरवर्षी विकत घ्यावं लागतं म्हणजे पैसे नवऱ्याकडे मागावे लागतात, धनशक्ती सरळ वाण आहे, बाईला कणसं निवडून ठेवता येतात.

कणीस_कणगी

बरोबर. फक्त निवडताना कणसं शेताच्या मधल्या भागातली घ्यायला सांग, बांधाकडची नको, शेजारच्या संकरित बाजरीचं पराग तिथेच जास्त येतं आणि लोह उतरतं. लोहाच्या बाबतीत नुसता संकर केल्याने आकडा आईबापांपेक्षा फारसा वाढत नाही, दोन्ही आईबाप जास्त लोहाचे असावे लागतात.

बाजरीची_पोर

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना दोनदा डोळे भरून आले. तीन प्रश्न काढून टाकले. वाट्याचा आकडा आणि सातबाऱ्याचा प्रश्न घालतेय, काल गाईडना कणीस_कणगी दादांचं पराग आणि पिशवीचं म्हणणं सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले वाट्याचं प्रकरण थिसिसमधे घे. मारहाणीचं काम मावसबहिणीच्या टीमने वेगळ्या गावांत, ट्रेनिंग घेतलेल्या बायका आणि एथिक्स कमिटीची परवानगी घेऊनच करायचं असं आमचं ठरलंय.

पण त्या ताईंचं काय करू? मंगळवारी मला त्याच घरी पिठाचा नमुना आणायला जायचंय. मी पाहिलंय हे त्यांना माहीत आहे.

दारोदार_ताई

जा, न जाणं वाईट. पण आधी जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला स्वतः जाऊन ये, तिथे कोण बसतं, किती वाजेपर्यंत असतात, रात्री राहायची सोय आहे का ते बघ, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी कुठे बसतात तेही. न बघितलेला पत्ता कुणाला देऊ नये. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करून जा, चिठ्ठी देऊ नकोस, चिठ्ठी सापडते.

बाजरीचं पीठ आठवड्यात कडवट होतं, त्यामुळे दळण सारखं लागतं, तर ताईंना म्हण की ताजं दळण हवंय, गिरणीपर्यंत मी येते. वाटेत तू विषय काढू नकोस. एवढंच म्हण, "त्या दिवशी मी बघितलं, कुणाला बोलले नाही." मग चालत राहा. बोलल्या तर ऐक, का सोडत नाही, का सहन करता असलं काही विचारू नकोस. नाही बोलल्या तर १८१ तोंडी सांग, डब्यात पीठ घे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नमुना लागेल असं सासूसमोर मोठ्याने सांगून ये.