मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या संगणकातल्या ओव्या नव्या लॅपटॉपवर कशा आणायच्या?

वेणू: बाबांनी माण तालुक्यातल्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या जुन्या संगणकात आहेत. वह्यांना वाळवी लागली, त्यामुळे दुसरी प्रत कुठेही नाही. संगणक चालू होतो, फायली दिसतात, पण पेन ड्राइव्ह लावला तर काहीच होत नाही. ओव्यांच्या पुस्तकासाठी छापखान्यातून रोज फोन येतोय. कृपया लवकर सांगा. 'दुकानात न्या' नको, इथल्या दुकानदाराने हात लावायलाच नकार दिला.

सातारी_जिरे: विंडोज कोणतं? 'काहीच होत नाही' म्हणजे पडद्यावर नक्की काय येतं? फ्लॉपीची फट आहे का?

वेणू: विंडोज ९८. नवीन हार्डवेअर सापडलं म्हणतं आणि ड्रायव्हरची डिस्क मागतं. फ्लॉपी आहे, पण फ्लॉप्या कुठून आणू आता?

सातारी_जिरे: मग यूएसबी चालू आहे. ९८ला पेन ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण ओळखायला मदत करणारा छोटा प्रोग्राम, लागतो. तो नव्या लॅपटॉपवर उतरवून सीडीवर घ्या. पेन ड्राइव्ह कमी क्षमतेचा आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच हवा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट ९८ला वाचता येत नाही.

खटपट्या: नव्या लॅपटॉपला सीडी असते का हल्ली? सरळ हार्ड डिस्क काढा. रुंद चपटी, ४० पिनांची केबल असेल तर ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीची जोडणी. आयडीई-यूएसबी अडॅप्टर ऑनलाइन मिळतो, मात्र वीजपुरवठ्याचा वेगळा चार्जर असलेलाच घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबीतून फक्त ५ मिळतात. डिस्कवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) 'मास्टर' लिहिलेल्या जागी ठेवा. नव्या लॅपटॉपने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा!

सातारी_जिरे: घरात एकटीने डिस्क काढायला कशाला लावताय? पंचवीस वर्षांची केबल ओढताना पिना वाकल्या तर?

खटपट्या: आणि तो संगणक पुन्हा पुन्हा चालू करताना डिस्क बसली तर? माझ्या काकांची अशीच गेली.

पेंग्विन: त्याच संगणकावर विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाका. वेगही वाढेल.

खटपट्या: अहो, एकमेव प्रत आहे त्या डिस्कवर! काहीही टाकू नका, वेणूताई.

ओसरी: माझी आजी पहाटे दळताना माहेरच्या ओव्या म्हणायची. तुमच्या संग्रहात भावावरच्या आहेत का? दोन-चार इथे टाका ना.

वेणू: आहेत, पुष्कळ आहेत, पण आधी बाहेर तर काढू द्या! अडॅप्टर मागवलाय.

खिळेजुळारी: ताई, ओव्या कशात टाइप केल्यात हे कुणी विचारलंच नाही. कोणता फॉन्ट?

वेणू: पेजमेकर, पुस्तकाची पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. फॉन्टच्या नावात श्री-देव आहे. त्याने काय फरक पडतो?

खिळेजुळारी: सगळा फरक पडतो. ती श्रीलिपी, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. त्या काळच्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर आख्खा कॉपी करा. छापखान्याला विचारा, श्रीलिपी आहे का आणि पेजमेकर किंवा पानं लावायचंच दुसरं सॉफ्टवेअर इनडिझाइन, त्याची सीएस६ आवृत्ती, आहे का. सीएस६नंतरचं इनडिझाइन पेजमेकरच्या फायली उघडत नाही. त्यांच्याकडे असेल तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, न बदलताही पुस्तक छापता येईल.

पेंग्विन: लिबरऑफिसही पेजमेकरच्या फायली उघडतं, फुकट.

खिळेजुळारी: उघडतं, पण पानांची मांडणी हलू शकते. मजकूर पाहण्यापुरतं ठीक.

वेणू: अडॅप्टर आला. डिस्क लॅपटॉपला दिसली, ओव्यांचा फोल्डर आणि फॉन्ट्स दोन्ही कॉपी झाले. खूप आभार! छापखान्यात श्रीलिपी आहे, पण त्यांना युनिकोडच हवंय. रूपांतर करून पाहिलं तर वेलांट्या भलत्याच अक्षरावर आणि रफार सरकलेले. आता?

खिळेजुळारी: श्रीलिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर असतो, युनिकोडात क्रम उलटा. तुमचा कन्व्हर्टर तो क्रम बदलत नाहीये, किंवा दुसऱ्याच फॉन्टचा आहे. फॉन्टचं पूर्ण नाव, शेवटच्या आकड्यासकट, लिहा. मूळ फायलींना हात लावू नका. आणि कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी मूळ फाइल छापून घेऊन ओळ न् ओळ त्या छापील प्रतीशी ताडून पाहावीच लागेल. ओव्यांत बोलीतले शब्द असतात, तिथे स्पेलचेक चालत नाही.

ओसरी: ताडायला मी बसते. माणदेशी बोली माझ्या कानातली आहे. फाइल पाठवा.