व्याघाती आणि विपरीत: दोन्ही "विरुद्ध"च ना?

पाटीपेन्सिल: भाचीला तर्कशास्त्र विषय आहे, तिच्या नोट्समध्ये व्याघाती विधानं वेगळी आणि विपरीत विधानं वेगळी असं दिलंय. शाळेत आपण मधे फुली मारून मोकळे व्हायचो, काळा × पांढरा, हजर × गैरहजर. खरंच फरक आहे का उगाच घोळ?

तिरकस: आहे की, आणि तुमच्या दोन जोड्यांतच आहे. शर्ट काळा नसला म्हणजे पांढराच असेल असं थोडंच आहे, निळा असू शकतो, म्हणजे दोन्ही एकदम खरं नाही पण दोन्ही खोटं चालतं, हे विपरीत. हजेरीत तिसरी भानगडच नाही, एक खोटं तर दुसरं खरं, हे व्याघाती. आता विधानाला लावा. "पेटीतले सगळे आंबे गोड आहेत" असं आंबेवाला म्हणाला तर त्याला खोटं पाडायला एक आंबट निघाला तरी पुरे, पण आपण तावातावाने "एकही गोड नाही हो" म्हणतो आणि मग तो एक गोड फोड कापून हातात देतो की आपलीच बोलती बंद. टीव्हीवरच्या डिबेटमध्ये रोज हेच चालतं, व्याघाती विधानाने काम भागत असताना विपरीत फेकायचं आणि फसायचं.

वांगीभात: मग "सगळे आंबे गोड नाहीत" हे कशात बसवायचं? मला तर दोन्ही अर्थ लागतात.

तिरकस: लागणारच, मराठीत ते वाक्य तसं मोघमच आहे. "सगळेच गोड नाहीत" म्हटलं की काही आंबट आहेत एवढंच, म्हणजे व्याघाती. "एकही गोड नाही" म्हटलं की विपरीत. पेपरात विधान मोघम असेल तर आधी "एकही" किंवा "काही" घालून नीट लिहून घ्या आणि मगच नाव द्या, नाहीतर मार्क गेलेच.

पाटीपेन्सिल: तिच्या नोट्समध्ये या विधानांचे संबंध दाखवणारा एक चौकोन काढलाय, त्याच्या कोपऱ्यांवर ए, ई, आय, ओ अशी अक्षरं आहेत ती कुठून आली?

तिरकस: लॅटिनमधून. अफिर्मो म्हणजे मी होकार देतो, त्यातले पहिले दोन स्वर ए आणि आय, हे होकारार्थी. नेगो म्हणजे मी नाकारतो, त्यातले ई आणि ओ नकारार्थी. मूळ विचार अरिस्टॉटलचा, इ.स.पू. ४थ्या शतकातला, पण चौकोन त्याने काढलेला नाही, तो पुढे लॅटिन पुस्तकांत आला. वरच्या कोपऱ्यांवर ए ("सगळे गोड") आणि ई ("एकही गोड नाही"), त्यांच्या खाली आय आणि ओ. कर्णावरच्या जोड्या व्याघाती, वरची बाजू विपरीत. खालची बाजू, म्हणजे "काही गोड आहेत" आणि "काही गोड नाहीत", ही उपविपरीत, दोन्ही खरी असू शकतात, दोन्ही खोटी नाही.

वांगीभात: पण "काही गोड आहेत" म्हणजे बाकीचे नाहीत असाच अर्थ होतो ना?

तिरकस: गप्पांमध्ये होतो, तर्कशास्त्रात नाही. तिथे काही म्हणजे किमान एक, सगळे गोड निघाले तरी "काही गोड आहेत" खरंच. म्हणून तर वरचं खरं असेल तर खालचं आपोआप खरं धरतात.

वांगीभात: आणि पेटी रिकामी असेल तर? 😄

तिरकस: हसू नका, याच प्रश्नावर तो चौकोन मोडलाय. १९व्या शतकात इंग्रज गणिती जॉर्ज बूलनंतर जे वाचन रूढ झालं त्यात रिकाम्या पेटीबद्दल "सगळे गोड" आणि "एकही गोड नाही" दोन्ही खरी धरतात, कारण खोटं पाडायला आंबाच नाही! मग विपरीत गेलं, उपविपरीत गेलं, वरून खाली येणंही गेलं, उरले फक्त कर्ण. भाचीला सांगा, प्रश्नात "पारंपरिक" शब्द असेल तर पेटीत निदान एक आंबा आहे असं धरूनच उत्तर लिहायचं.