राष्ट्रपती भवन आणि बाग एकाच फेरीत?

आई-बाबांना घेऊन फेब्रुवारीत दिल्लीला जाताय आणि राष्ट्रपती भवन व बाग एकाच तिकिटात उरकायचं म्हणताय, तर तसं होत नाही. अमृत उद्यानाचं बुकिंग वेगळं, मुख्य इमारतीचं वेगळं. दोन्ही राष्ट्रपती भवनाच्याच संकेतस्थळावर होतात, त्यामुळे एजंटच्या नादी लागू नका. सोमवार टाळा. परदेशी पाहुणा आला की वेळापत्रक बदलतं, म्हणून आदल्या दिवशी एकदा खात्री करा. मूळ ओळखपत्र बरोबर हवंच.

‘राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या, काय काय बघणार’ असं कोणालाही वाटेल. अहो, दाखवतात मोजक्याच! पण अशोक मंडपात (पूर्वीचा अशोक हॉल) मान वर करायला विसरू नका. छताला चामड्यावर रंगवलेलं इराणी चित्र आहे, इराणचा बादशहा फतह अली शाह आपल्या मुलांसह शिकारीला निघालाय. पायाखाली लाकडी फ्लोअर, कारण ही मुळात नाचाची खोली. माझ्या मते दरबार हॉलपेक्षा (आता गणतंत्र मंडप) हीच सरस.

बाबांचे गुडघे साथ देत असतील तर विजय चौकातून राष्ट्रपती भवनाकडे जाणाऱ्या चढावर थोडं चालाच. पुढे जाल तशी इमारत चढाआड बुडते आणि नुसता घुमट उरतो. या चढावरूनच नवी दिल्लीचे वास्तुकार लट्येन्स आणि बेकर यांचं कायमचं बिनसलं. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ रिक्षा करा.